तिसऱ्या चौकटीतली बाई

सव्वीस वर्षं मी नागपूरच्या एका मराठी पेपरात रोज तीन चौकटींचं कार्टून काढलं. पहिल्या चौकटीत नवरा काहीतरी शहाणपणा करतो, दुसरीत तो अंगलट येतो आणि तिसरीत बायको एक वाक्य बोलते. तिथे संपलं. दोघांना नावं नव्हती. वाचक त्यांना नुसते भाऊ आणि बाई म्हणत. लग्नात, बँकेत, कुठेही ओळख निघाली की लोक विचारायचे, "बाईच्या तोंडचं हे असं तुम्हाला सुचतं तरी कसं हो?" मी हसून मान हलवायचो. सुचत काहीच नव्हतं. ते माझ्या बायकोचं बोलणं होतं. मी फक्त लिहून घेत होतो.

आमचं घराणं विणकरांचं. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आमच्या घरी दोन हातमाग होते. लुगड्याच्या काठाची नक्षी वडील आधी चौकड्यांच्या कागदावर मांडत, एकेक चौकोन पेन्सिलीनं भरत. उरलेल्या कागदावर मी माणसं काढायचो. माग बंद पडले तेव्हा वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात हेल्पर म्हणून लागले, आणि पुढे मी पेपरात चिकटलो. तेव्हा छापून आलेले कॉलम कापून पानावर चिकटवावे लागत. ते माझं काम. चित्रकार मला कोणी म्हणत नव्हतं.

बायको कुहीकडच्या एका खेड्यातली, धान पिकवणाऱ्या घरातली. तिच्या माहेरची माणसं फार कमी बोलत. सगळ्यांच्या वाटचं ती एकटी बोलायची.

एका मे महिन्यात पेपरात रोज येणारं बाहेरचं कार्टून टपालानं आलंच नाही. पानावर तेवढी जागा रिकामी राहिली. म्हातारे संपादक माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुले चित्रं येतात ना गा? भर ही जागा. अर्धा तास हाय."

अर्ध्या तासात डोक्यात काहीच येईना. मग त्या सकाळचंच आठवलं. मी कूलरसमोर बनियनवर बसून कुरकुर करत होतो, "हा कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला." ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "मंग बंद करा ना. गरम हवा पाह्यजेच असन तर तुम्ही बोलत राहा. लाइट तरी वाचन."

मी तेवढंच काढलं. दुसऱ्या दिवशी प्रेसमधले लोक ते वाक्य एकमेकांना ऐकवत होते. आठवड्याभरात ती जागा माझी झाली.

पहिली वर्षं तिला याची मजा वाटायची. पेपर आला की तो आधी तिच्या हातात. "आज मी काय बोलली ते पाहू द्या," म्हणायची. आवडलं तर शेजारणीला हाक मारून वाचून दाखवायची. मी शर्टाच्या खिशात एक छोटी वही ठेवायला लागलो होतो. ती काही बोलली की लिहायचं, बाजूला तारीख आणि वेळ टाकायची. पेपरातल्या माणसाची सवय.

मग तिची आई वारली. तेरवी आटोपून आम्ही त्या संध्याकाळी परत आलो. मी चहा केला. कप हातात घेऊन ती म्हणाली, "मायच्या पेटीत नवं लुगडं निघालं. घडी मोडली नव्हती. चांगल्या दिवसासाठी ठेवलं होतं म्हणे. माय गेली, लुगडं राहिलं. चांगला दिवस काही आला नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि थोड्या वेळानं आत जाऊन ते लिहून घेतलं.

दहाएक दिवसांनी ते छापून आलं. त्या दिवशी तिसऱ्या चौकटीत विनोद नव्हता. उघडी पेटी, जमिनीवर बसलेली बाई आणि ते शब्द. लोकांनी ते कापून ठेवलं. आजही कोणी भेटलं की त्याचीच आठवण काढतं. पण तिच्या गावी ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं गेलं आणि तिच्या भावाचा फोन आला. ती फोन कानाशी धरून नुसती ऐकत होती. फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ म्हणते, मायले जिवंतपणी चांगला दिवस दाखवला नाही असं तू पेपरात छापून आणलं."

"मी आपलं नाव कुठं टाकलं?" मी म्हणालो.

"गावाले नाव लागते का?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी तुमच्याशी बोलली होती. पेपरशी नाही."

मी माफी मागितली. एकदा नाही, पुष्कळदा. तिनं भांडण वाढवलं नाही. पण तेव्हापासून ती माझ्याशी मोजून बोलायला लागली. भाजी काय करू, गॅस संपला, पोरीचा फोन आला होता. चुकून तोंडातून एखादं खमंग वाक्य निघालंच तर तिची नजर आधी माझ्या खिशाकडे जायची. मी वही खिशात ठेवणं सोडलं. मग वही दाराच्या आडून भरू लागली. ती भाजीवालीशी बोलायची, पुण्याला असलेल्या आमच्या मुलीशी फोनवर तासभर बोलायची. तिथे ती पूर्वीसारखीच होती. मी पलीकडच्या खोलीत पंखा बंद करून ऐकत बसायचो. अकरा वर्षं मी माझ्या बायकोचं बोलणं असं चोरून ऐकलं. रोज एक चौकट भरायची होती.

पुढे आम्ही नागपूरच्या कडेला बेसा इथे राहायला आलो. खाली दोन खोल्या, वर गच्चीवर माझी टेबलाची खोली. हिवाळ्यातली एक सकाळ होती. ती खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होती आणि मी समोर पेपर वाचत होतो. मुलगी आणि जावई येणार होते, म्हणून तिची घाई चालली होती. गॅसवर काहीतरी ठेवलेलं होतं. ती एकाएकी माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, त्या पाण्याले दार लावा, पाहुणे उतू जाऊन राहिले."

मी खो खो हसलो.

हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, स्वतःलाच. मी हसलो, कारण मला वाटलं तिनं मला माफ केलं. अकरा वर्षांनी तिनं माझ्या तोंडावर, माझ्याकडे बघून, मुद्दाम एक वाक्य मला दिलं असं वाटलं. तीही किंचित हसल्यासारखी दिसली. एका बाजूनं. मी उठलो, गॅस बंद केला, वही काढली आणि तिच्यासमोर उघडपणे लिहिलं. आठ वाजून दहा मिनिटं. ती बघत होती. काही बोलली नाही. मी म्हणालो, "आलोच मी, गरम गरम काढून टाकतो," आणि वर गेलो.

वर मला फार बरं वाटत होतं. चित्र भराभर उतरलं. शाई फिरवली, ती सुकू दिली, स्कॅन करून पेपरला पाठवूनही टाकलं. शीळ घालत खाली आलो तेव्हा दहा वाजायला आले होते.

ती भिंतीला टेकून तिरकी बसली होती. शेंगा मांडीवरून सांडल्या होत्या. उजवा हात जमिनीवर पालथा पडला होता, आणि डाव्या हातानं ती तो उचलून मांडीवर ठेवायचा प्रयत्न करत होती. तो पुन्हा घसरत होता. तोंडातून लाळ आली होती. माझ्याकडे बघून तिनं तोंड उघडलं. आवाज आला, शब्द नाही.

शेजाऱ्यानं गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बोलण्यात फरक केव्हापासून पडला?"

"आठ दहापासून."

डॉक्टरांनी मान वर केली. "इतकं नेमकं? आणि आता अकरा वाजताहेत."

 ते पुढच्या कामाला लागले. इंजेक्शन दिलं गेलं. अजून वेळ गेलेली नाही, पण यात एकेक मिनिट मोलाचं असतं, असं ते नर्सला की मला म्हणाले, कळलं नाही. मेंदूचा जो भाग गेला तो बोलण्याचा होता.

पेपरात दोन दिवस आधी चित्र द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बसल्या बसल्या मला आठवलं की ते उद्या छापून येणार. मोबाइल हातातच होता. एक फोन केला असता तर थांबलं असतं. पण त्याच्या जागी द्यायला माझ्याकडे दुसरं चित्र तयार नव्हतं, आणि सव्वीस वर्षांत माझी जागा एक दिवसही रिकामी गेली नव्हती. मी फोन केला नाही. असाच विचार केला मी, तिथे बसून, काचेपलीकडे ती असताना.

सकाळपासून मेसेज यायला लागले. खूप दिवसांनी बाई फॉर्मात आली, कोणीतरी लिहिलं होतं. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिच्याही मोबाइलवर ते आलं. तिनं वाचलं, थोडी हसली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हे आई केव्हा बोलली?"

मी म्हणालो, "मागच्या महिन्यात."

तीन आठवड्यांनी ती घरी आली. काठी धरून चार पावलं चालायची. तिला आमचं बोलणं कळायचं, निदान बरंचसं. तिच्याकडे मात्र एकच शब्द उरला होता: काहून, म्हणजे का. पाणी हवं असलं तरी काहून. ऊन डोळ्यांवर आलं तरी काहून. मुलीनं केस विंचरले की डोळे मिटून अगदी हळू, काहून. आणि मी खोलीत आलो की माझ्याकडे बघून काहून. तिला पाणी म्हणायचं असेल, पडदा ओढा म्हणायचं असेल. हे मला माहीत होतं. तरी दर वेळी मला तो प्रश्नच ऐकू यायचा.

कार्टून चालूच होतं. मी जुन्या वह्या काढल्या. तिनं पूर्वी कधीतरी बोललेलं, तेव्हा न वापरलेलं, निवडून निवडून मी चौकटीत भरत होतो. खाली ती एका शब्दावर अडकलेली आणि वर माझ्या टेबलावर ती फडाफडा बोलत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, बंद करा ना आता हे. कसं सुचून राहिलं तुमाले?" मी तिला म्हणालो की काम बंद केलं तर मी वेडा होईन. ते खोटं नव्हतं. पण मला भीती दुसरीच होती. कार्टून थांबलं तर ती खरोखर गप्प झाली असं होईल.

बोलणं शिकवणारी एक ताई आठवड्यातून दोनदा यायची. तिनं सांगितलं, ओळखीचं काहीतरी रोज वाचून दाखवा. मी पेपरच वाचू लागलो, आणि शेवटी आपलं कार्टून. एके सकाळी त्यात तिचं फार जुनं वाक्य होतं, मी वही ठेवायला लागलो त्या पहिल्या वर्षातलं. मी वाचलं. तिनं डावा हात पुढे करून पेपर ओढला. चित्रातल्या बाईच्या तोंडावर बोट ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. आणि मला विचारलं, "काहून?"

या वेळी शब्द चुकून आलेला नव्हता.

मी वरून वह्यांचा गठ्ठा घेऊन आलो. शेवटच्या वहीतलं त्या सकाळचं पान उघडलं आणि तिला सगळं सांगितलं. तू हे बोललीस. मला वाटलं तू गंमत केलीस. मी लिहून घेतलं, वेळ टाकली, वर गेलो, चित्र काढलं, दहाला खाली आलो. तू त्या वेळात इथे एकटी होतीस. मी हाक ऐकली नाही, की तू मारलीच नाहीस, ते मला माहीत नाही. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्यासमोरही सांगितलं. सांगताना मी रडेन असं वाटलं होतं. रडलो नाही, बातमी वाचून दाखवावी तसा बोललो.

बायकोनं शेवटपर्यंत ऐकलं. मग वही माझ्या हातातून घेतली, पलंगावर मांडीखाली सरकवली आणि तिच्यावर बसून राहिली. बाकीच्या वह्यांकडे, मी खाली आणलेल्या गठ्ठ्याकडे, तिनं बोट दाखवलं. मी तो दिला. तोही तिनं पाठीमागे उशीशी ओढून घेतला. दोन दिवस तिनं माझ्या हातून घास घेतला नाही. मी चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे. मुलगी भरवायची. मुलगीही माझ्याशी बोलत नव्हती.

वर टेबलावर कागद कोरा होता. पहिल्या दोन चौकटी मी सवयीनं काढल्या. तिसरीत बाई काढली, तिच्या डोक्यावर बोलण्याचा फुगा काढला, आणि त्यात काय लिहायचं ते मला सुचेना. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी बसून होतो. पाच-सात वाक्यं लिहिली. एकही तिचं नव्हतं. सगळी एका म्हाताऱ्या माणसानं बनवलेली होती, हे वाचताक्षणी कळत होतं. शेवटी मी फुगा रिकामाच ठेवून चित्र पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. आता तिथे एक तरुण बाई होत्या, स्वभावानं चांगल्या.

"सर, तिसऱ्या चौकटीतला मजकूर राहतो आहे का? वाचकांचे फोन येताहेत. प्रिंटिंगची चूक वाटते त्यांना."

"चूक नाही," मी म्हणालो. "तिला बोलता येत नाही."

"कोणाला?"

"बाईला."

 त्यांना घरचं काही माहीत नसावं. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या. आम्ही बघतो काहीतरी." पुढच्या सोमवारी माझ्या जागी आकड्यांचं कोडं आलं. फार मोठा गोंधळ झाला नाही. दोन-चार जणांनी विचारपूस केली. एका वाचकानं मात्र पोस्टकार्ड पाठवलं. कोडं सोपं असतं, थोडं अवघड करा, असं त्यात लिहिलं होतं. तेवढं माझ्याच नावानं आलं होतं.

त्यानंतरचे दोन महिने मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. मी सकाळी वर जाऊन बसायचो आणि जेवायला खाली यायचो. गच्चीवरून नव्या इमारतींचे सांगाडे दिसायचे. एकदा कठड्याशी बराच वेळ उभा होतो. मुलगी धुणं वाळत घालायला आली, तिनं माझा दंड धरला आणि मला खाली नेलं. त्या दिवसापासून वरच्या खोलीला तिनं कुलूप लावलं. माझं टेबल खाली, बायकोच्या पलंगाशेजारी आलं.

त्या टेबलामुळेच ताईच्या डोक्यात आलं असावं. तिच्याकडे छापील चित्रांची कार्डं होती. बायकोला ती दाखवून ती शब्द विचारायची. पण कार्डांवरची घरं, भांडी, भाज्या सगळी परकी होती. पाव होता, काटेचमचे होते, बर्फावरची घसरगाडी होती. बायको एकेक कार्ड बघून उलटं टाकायची. ताई मला म्हणाली, "काका, तुम्हाला चित्रं येतात ना? तुमच्या घरातलं काढा ना."

मी नको म्हणालो. ती म्हणाली, "त्यांच्यासाठी काढा. छापायचं नाही काही."

पहिलं कार्ड मी बादलीचं काढलं. आमच्याच बाथरूममधली, निळी. बायकोनं ते हातात धरलं, लांब केलं, जवळ आणलं. कपाळावर आठी पडली. तोंड दोन-तीनदा उघडून मिटलं आणि मग अगदी स्पष्ट ऐकू आलं, "चुकलं."

ताईनं टाळी वाजवली. मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. चार महिन्यांनी नवा शब्द आला होता. "काय चुकलं, आई?" मुलीनं विचारलं. "बादली चुकली? कडी चुकली?"  कार्ड माझ्या टेबलावर ठेवून बायको माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा काढली. कडी नीट केली. "चुकलं." आणखी एक काढली, तळाशी गेलेला तडा दाखवला. "चुकलं." त्या दुपारी मी अकरा बादल्या काढल्या.

याला आता वर्ष होत आलं. मुलगी पुण्याला परत गेली, महिन्यातून एकदा येते. बायकोकडे पंधरा-सोळा शब्द आहेत. पाणी, नको, बस, पंखा, मुलीचं घरातलं नाव, असे. मला उद्देशून त्यातला कोणता असतो का, ते मला अजून ठरवता येत नाही. पूर्वीसारखं वाक्य आता येणार नाही, असं ताईनं मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. सांगताना तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

रोज दुपारी जेवणं झाली की मी टेबलाशी बसतो आणि ती पलंगावर. मी काढतो, ती बघते. आज पळीचं चित्र दिलं, ते तिनं परत केलं. दुसरं दिलं, तेही परत केलं. तिसरं तिनं बराच वेळ धरून ठेवलं. ती 'चुकलं' म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. मग ते तिनं पलंगावर बाजूला ठेवलं आणि डावा हात पुढच्या कागदासाठी पुढे केला.